पाठीमागचा माणूस

आज मी विमानातील खुर्चीविषयी बोलणार आहे, आणि त्यासाठी आपणांस तंजावरपर्यंत घेऊन जाणार आहे. खुर्चीचा आणि तंजावरचा संबंध काय, असे आपल्या मनात येईल. कॉफीचा एक पेला सांडला आणि तो संबंध जुळला. पेला माझ्यामुळे सांडला, म्हणून ती हकीकत प्रथम सांगितली पाहिजे.

तंजावर पाहावे, ही इच्छा पुष्कळ वर्षांची. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत चालली. सरस्वती महालातील मराठी पोथ्या आणि मोडी कागद, बृहदीश्वराच्या देवालयात १८०३ साली कोरविलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास, आणि आजही घरात मराठी बोलणारी तिकडील कुटुंबे, हे सारे एकदा डोळ्यांनी पाहावे, कानांनी ऐकावे असे वाटत होते. अखेर योग आला. मुंबईहून चेन्नईपर्यंत विमान आणि तेथून पुढे रात्रीची आगगाडी, असा बेत ठरला.

विमान आकाशात स्थिरावले, कमरेचे पट्टे सोडण्याची खूण झाली, आणि त्याच क्षणी माझ्या पुढच्या गृहस्थांनी आपल्या खुर्चीची पाठ मागे टाकली. ‘टाकली’ हाच शब्द खरा. कारण ती हळूहळू आली नाही, फळी कोसळावी तशी आली. माझ्या गुडघ्यांना तिचा मार बसला आणि हातातील पुस्तक खाली पडले. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर पुढचा प्रकार टळला असता. न बोललेला राग जिरत नाही. तो बाहेर पडण्याची वाट शोधीत राहतो. पाचदहा मिनिटे मी त्या गृहस्थांच्या टाळूकडे पाहत मनातल्या मनात त्यांच्या संस्कारांची झडती घेतली, आणि मग, ‘यांना अधिकार आहे तर मलाही आहे’ असे म्हणून हाताशी असलेली कळ दाबली व सारा भार पाठीवर टाकून मागे रेललो.

मागून एक दबका उद्गार आला. वळून पाहतो तो एक वृद्ध बाई उजवा हात झटकीत होत्या. त्यांनी नुकतीच मागवलेली गरम कॉफी समोरच्या मेजावर होती. माझ्या खुर्चीचा धक्का लागून पेला कलंडला होता आणि कॉफी त्यांच्या हातावर व पदरावर सांडली होती. विमानातील सेविका धावत आली, थंड पाण्यात भिजवलेला रुमाल आला. मी उभा राहून म्हणालो, ‘क्षमा करा, मावशी. मी पाहिले नाही.’ त्यांनी हाताला रुमाल गुंडाळला, माझ्याकडे वर पाहिले आणि विचारले, ‘तुमची पाठ फार दुखते का?’

श्रोतेहो, माझी पाठ मुळीच दुखत नव्हती. त्यांच्या प्रश्नात उपरोधही नव्हता. तो असता तर मला इतके लागले नसते. एखादा माणूस एवढ्या घाईने पाठ टेकतो तेव्हा त्याला काही तरी दुखत असले पाहिजे, असे त्यांना खरोखर वाटले होते. हात भाजला होता त्यांचा, आणि विचारपूस चालली होती माझ्या पाठीची! मी ‘नाही’ एवढेच म्हणालो आणि खुर्ची सरळ केली.

उरलेल्या वेळात थोडे बोलणे झाले. बाई तंजावरकडच्याच निघाल्या. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या तिकडचे. मुलगी डोंबिवलीस दिलेली, तिच्याकडे राहून परत चालल्या होत्या. त्यांच्या मराठीला तमिळची लय होती, तरी एकही शब्द परका वाटला नाही. मी तंजावरला जात आहे हे ऐकून त्या म्हणाल्या, ‘मग ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र पाहिल्यावाचून परतू नका.’ मी ते नाव वहीत टिपून घेतले.

आता त्या खुर्चीकडे जरा नीट पाहू. खुर्चीची पाठ ही वस्तू एकच, पण ती दोघांच्या उपयोगाची आहे. पुढच्या माणसाची ती पाठ आहे आणि मागच्या माणसाचे ते मेज आहे. त्याच्या पाण्याच्या बाटलीचा खिसाही तिलाच शिवलेला आहे. कळ मात्र एकाच्याच हाती दिलेली. पूर्वी विमानाच्या साध्या वर्गात एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत ३४-३५ इंच अंतर असे. आज कित्येक विमानांत ते २८ ते ३१ इंचांवर आले आहे. जागा आखडली, पण कळ तशीच राहिली. काही कंपन्यांनी तर हे भांडण नको म्हणून न कलणाऱ्या खुर्च्या बसविल्या आहेत. वाटणीवरून भावाभावांत तंटा होऊ लागला म्हणून वडिलांनी वाडाच विकून टाकावा, त्यातला हा प्रकार.

हे भांडण कोठवर जाऊ शकते याचे एक उदाहरण २०१४ सालचे आहे. अमेरिकेत नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या एका विमानात मागच्या प्रवाशाने आपल्या मेजाला एक लहानसे उपकरण अडकवून पुढची खुर्ची मागे येणेच अशक्य केले. पुढच्या बाईंनी त्याच्या अंगावर पाणी फेकले. शेवटी वैमानिकाला विमान शिकागोला उतरवून दोघांनाही खाली उतरवावे लागले. चार इंचांच्या वादापायी विमानभर माणसांची वाट वाकडी झाली.

अशा वादात प्रत्येकाला आपणच खरे वाटतो. एक म्हणतो, मी तिकिटाचे पैसे भरले, कळ माझ्या खुर्चीला आहे. दुसरा म्हणतो, पैसे मीही भरले, गुडघे माझे आहेत. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात या गोष्टीचे मर्म सांगितले आहे. दोघांच्या शेजारातून जेव्हा उपद्रव उपजतो तेव्हा तो एकतर्फी नसतो. एकाला वाचवावे तर दुसऱ्याची हानी होते. मग आपसांत सौदा करून प्रश्न मिटवावा, असे कोणी म्हणेल. बुकाफुस्को आणि स्प्रिगमन या दोन अमेरिकी कायदेपंडितांनी २०१४ साली हेच लोकांना विचारून पाहिले. सहा तासांचा विमानप्रवास आहे असे समजा, खुर्ची मागे न घेण्याचे काय घ्याल? पुढचे लोक सरासरी ४१ डॉलर मागू लागले. मागचे १८ डॉलरच द्यावयास तयार. मग हक्क मागच्यांना देऊन पाहिला. तेव्हा मागचे ३९ डॉलर मागू लागले आणि पुढचे १२ वर अडले. ज्याच्या हातात हक्क, त्याला त्याची किंमत मोठी वाटते; सौदा क्वचितच जमला. पण पैशाऐवजी मागच्या माणसाने काही खायला किंवा प्यायला देऊ केले, तर काय कराल? असे विचारताच सुमारे ७८ टक्के लोक खुर्ची सरळ ठेवावयास राजी झाले. नाण्यांनी जे जमले नाही ते फराळाच्या एका पुडीने जमले. पुडी स्वस्तच असते. परंतु पैसे देणारा हक्क विकत मागतो, आणि फराळ पुढे करणारा आपल्याला माणूस म्हणून ओळख देतो. हा फरक लोकांना बरोबर कळला.

चेन्नईहून रात्रीच्या गाडीत बसलो तेव्हा हेच विचार डोक्यात होते. माझी जागा खालच्या बाकावर, आणि मधला बाक एका तमिळ तरुणाचा. रेल्वेचा मधला बाक हीदेखील एक अशीच अवघड वस्तू आहे. दिवसा तो खाली बसणाऱ्यांची पाठ असतो आणि रात्री वरच्याचे अंथरूण होतो. तो उघडला की खालच्याला ताठ बसता येत नाही. पण रेल्वेने येथे नियम केलेला आहे. २०१७ च्या सुधारणेप्रमाणे रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत झोपण्याचा काळ. उरलेल्या वेळी बाक बसण्यासाठी मोकळा ठेवावयाचा. आजारी, अपंग आणि गरोदर स्त्रिया यांना अधिक वेळ झोपावेसे वाटले तर इतरांनी सांभाळून घ्यावे, असेही त्यात सुचविलेले आहे. दहाला पाच मिनिटे कमी असताना त्या तरुणाने मनगटावरील घड्याळाकडे बोट दाखविले, मग माझ्या पाठीकडे, आणि भुवया उंचावल्या. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची येत नव्हती. मी हसून उठलो आणि साखळी अडकवावयास हात लावला. नियम त्याच्या बाजूचा असूनही त्याने विचारले होते.

मग माझ्या मनात आले, आगगाडीत हे इतके सोपे का होते? मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस येतो, ‘थोडे सरका’ म्हणतो, आणि तिघेही सरकतात. चौथ्याला बाकाची जेमतेम कड मिळते आणि एक पाय वाटेत राहतो. तरी त्याचा प्रवास बसून होतो. याला कोणताही कायदा नाही. माझ्या मते याचे कारण बसण्याच्या रीतीत आहे. गाडीत आपण समोरासमोर बसतो. समोरच्याचा चेहरा दिसतो, त्याचा थकवा दिसतो, मांडीवरचे मूल दिसते. नाही म्हणावयाचे तर तोंडावर म्हणावे लागते. विमानात सर्वांची तोंडे एकाच दिशेला. आपण ज्याला त्रास देतो तो आपल्या पाठीमागे असतो, आणि आपल्याला जो त्रास देतो त्याची आपल्याला फक्त टाळू दिसते. चेहऱ्याशी भांडणे कठीण असते, टाळूशी सोपे. पाठीला डोळे नसतात, असे आपण म्हणतो. म्हणून तर मान वळवावी लागते.

सकाळी तंजावरला उतरलो. देवालय पाहिले, ग्रंथालय पाहिले, आणि तिसऱ्या दिवशी पट्टुकोट्टैच्या रस्त्याने ओरत्तनाडला गेलो. तंजावरपासून हे अंतर बावीस-तेवीस किलोमीटर. दुसरे सरफोजीराजे यांनी आपली प्रिया मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे छत्र बांधले. छत्र म्हणजे आपल्याकडील धर्मशाळा आणि अन्नछत्र एकत्र. उत्तरेकडून रामेश्वराला निघालेले यात्रेकरू या वाटेने जात, आणि तंजावरच्या राजांनी त्यांच्यासाठी वाटेवर अशी छत्रे घातली होती. मुक्तांबाळ छत्राची ती जुनी वास्तू पाहताना मला सरफोजीराजांचे एक पत्र आठवले. १८०१ साली तंजावरचे इंग्रज रेसिडेंट टोरिन यांना ते लिहिलेले आहे. छत्रांचे उत्पन्न कोणी हिरावून घेऊ नये, यासाठी राजांनी त्यात छत्रांचा कारभार वर्णिला आहे.

त्या पत्रात राजे सांगतात की, ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो कोणी वाटसरू येईल त्याला अन्न मिळते. शिजविलेला भात ज्याला चालत नाही त्याला कोरडा शिधा मिळतो. तान्ह्या मुलांसाठी दूध, आजाऱ्यांसाठी वैद्य, बाळंत होणाऱ्या स्त्रियांसाठी व्यवस्था. त्या काळच्या जातिभेदाच्या चौकटीतच हे सर्व चाले, हे विसरता येत नाही. तरीही या पत्रातील एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवीत, आणि अजून कोणी जेवावयाचा राहिला असेल तर त्याने यावे, त्याच्यासाठी भात तयार आहे, असे पुकारीत.

त्या घंटेविषयी मी तेथे बराच वेळ विचार करीत बसलो. दिवसभर शेकडो माणसे जेवून गेलेली असत. वाढणारे दमलेले असत. दार लावून पाठ टेकण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, आणि कोणी नावे ठेवली नसती. पण पाठ टेकण्यापूर्वी एकदा बाहेर अंधारात विचारावयाचे, कोणी मागे राहिले आहे काय? उत्तर बहुधा येत नसेल. तरी विचारावयाचे. माझ्या विमानातील अपराध मला तेव्हा नीट कळला. मी खुर्ची मागे घेतली, हा अपराध नव्हता. खुर्ची मागे घेण्यासाठीच केलेली आहे, आणि रात्रीच्या लांब प्रवासात तसे न करणे हा उगाच सोसलेला क्लेश होय. मी मागे कोणी आहे काय, हे पाहिले नाही, एवढाच माझा अपराध. आणि त्याने एका वृद्ध बाईचा हात भाजला.

विमानशास्त्रात खुर्चीच्या पाठीविषयी एक नियम मात्र कडक आहे. उडताना आणि उतरताना ती सरळ ठेवावी लागते. कित्येकांना ही सेविकेची उगाच चाललेली कटकट वाटते. परंतु अपघात झाला, विमान झटपट रिकामे करावे लागले, तर कललेली पाठ मागच्या ओळीतील माणसांची वाट अडविते, आणि धक्का बसला तर त्यांचे डोके तिच्यावर आदळण्याचा धोका वाढतो. म्हणजे पाहा, कायद्याने जेथे हात घातला तेथेही मुख्यतः मागच्या माणसाच्याच काळजीने घातला. संकटाच्या घटकेपुरते कायदा पाहतो; उरलेल्या प्रवासाचे आपण पाहावयाचे.

आणि ते फारसे कठीण नाही. कळ दाबण्यापूर्वी मान वळवावी. मागच्याच्या मेजावर गरम पेला आहे काय, त्याचे गुडघे खुर्चीला टेकले आहेत काय, मांडीवर मूल आहे काय, हे पाहावे आणि ‘थोडी मागे घेऊ का?’ एवढे विचारावे. मग हळूहळू, आणि लागेल तेवढीच मागे घ्यावी. जेवण आले की सरळ करावी. दीड-दोन तासांचा दिवसाचा प्रवास असेल तर बहुतेक पाठी सरळ बसून मोडत नाहीत. मागच्यानेही आपली बाजू सांभाळावी. गुडघ्यांनी ढोसू नये, उठताना पुढच्या खुर्चीला धरून तिला झोका देऊ नये, आणि त्रास होत असेल तर तो मनात न मुरवता गोड शब्दांत सांगावा. पुढच्या गृहस्थांना मी तसे सांगितले असते, तर ते कदाचित ‘अरे, माफ करा’ म्हणून सरळ झाले असते. आपण पुष्कळदा दुसऱ्याला सभ्य होण्याची संधीच देत नाही, आणि मग तो असभ्य निघाला म्हणून दुःख करतो.

तंजावरहून निघताना मी बाजारात तेथील प्रसिद्ध बाहुली घेतली. तिचे बूड गोल आणि जड असते. बोटाने कलती केली की झोके खात पुन्हा सरळ होते. तिला पिशवीत घालून परतीच्या विमानात बसलो. प्रवासाची दगदग झाली होती आणि या वेळी पाठ खरोखरच दुखत होती. मी मान वळविली. मागे एक तरुण आई होती, मांडीवर पाचसहा महिन्यांचे मूल किरकिरत होते. मी विचारले, ‘खुर्ची थोडी मागे घेतली तर चालेल का?’ ती संकोचून म्हणाली, ‘काका, याला एवढे झोपू दे का?’ मी म्हटले, ‘अवश्य.’ आणि सरळ बसून राहिलो.

अर्धा तास गेला असेल. मला जरा डुलकी लागत होती. इतक्यात खांद्यावर कोणी तरी हलकेच बोट टेकविले. त्या आईने पुढे वाकून हळू आवाजात सांगितले, ‘झोपला बघा. आता टेका तुम्ही.’

मी खुर्ची दोन बोटे मागे घेतली. तेवढी पुरली.